तरंगती घोडी

वनखात्याच्या लाकूड आगारात आवक-जावकीच्या वह्या लिहिण्यात ज्याचे उभे आयुष्य गेले, त्या माणसाने विजेच्या गिटारविषयी लेखणी उचलावी हे वाचकांस विचित्र वाटेल, आणि ते विचित्र आहेच. परंतु मुलचेऱ्यातील माझ्या घराच्या पडवीत गेल्या कार्तिकात दोन गृहस्थांमध्ये या वाद्याच्या एका लहानशा अवयवावरून जो वाद सकाळच्या चहाबरोबर सुरू झाला आणि दिवेलागणीपर्यंत चालला, त्याचा मी एकमेव साक्षीदार असल्यामुळे, आणि पाहिले ते नोंदवून ठेवण्याची नोकरीतली खोड निवृत्तीनंतरही गेली नसल्यामुळे, ती हकिकत येथे दाखल करीत आहे.

पहिले गृहस्थ मास्तर. झाडीपट्टीच्या नाटकांना प्रथम पेटीची आणि पुढे ऑर्गनची साथ करण्यात त्यांचे पस्तीस हंगाम गेले. ज्यांना ही रंगभूमी ठाऊक नाही त्यांच्यासाठी इतकेच सांगतो, की भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या झाडीच्या मुलखात धानाची कापणी उरकली, म्हणजे दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगाव रात्रभर नाटके होतात, त्यांच्या मंडळ्यांचे मुख्य ठाणे वडसा येथे आहे, आणि प्रेक्षक घोंगड्या पांघरून पहाटेपर्यंत हलत नाहीत. २०२३ साली या रंगभूमीच्या डॉ. परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा पुण्या-मुंबईच्या वर्तमानपत्रांना आमच्या नाटकांचा शोध लागला. आम्हांला तो पूर्वीच लागलेला होता.

दुसरा पंचविशीतला बाबू. १९६०च्या दशकात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली कुटुंबांना सरकारने ज्या गावांत जमिनी देऊन वसविले, त्यांपैकी सुंदरनगर, विवेकानंदपूर यांसारखी अनेक गावे आमच्या तालुक्यात आहेत, आणि बाबू त्यांतल्याच एका गावचा. त्याचे मराठी माझ्याहून शुद्ध. किंबहुना मास्तर झाडीबोलीत बोलत आणि तो शाळेतल्या मराठीत उत्तर देई, तेव्हा परका कोण असा प्रश्न पाहुण्यास पडावा. मास्तरांची बोली कागदावर उतरविण्याचे सामर्थ्य माझ्या अंगी नाही, म्हणून त्यांचे बोलणे मी नागरी मराठीत देत आहे, आणि त्यात त्याचे निम्मे तेज गेले आहे हे आधीच कबूल करतो.

मास्तरांच्या मंडळीला यंदा गिटार वाजविणारा हवा होता. बाबूने नागपुरातून जुनी गिटार आणली होती, स्ट्रॅटोकास्टर घाटाची, आणि तिच्या अंगावर बसविलेली पितळी-पोलादी चौकट, जिला ब्रिज म्हणतात, मागच्या बाजूने अशी उचलली गेली होती की तिच्याखाली माझी तर्जनी सहज जावी.

“सितारीला असते तीच ही घोडी,” मास्तर चष्मा पुसून म्हणाले, “पण सितारीची घोडी उभी असते. ही उधळली आहे.”

“उधळली नाही, मास्तर. मी तारा बदलल्या. पहिल्या मालकाने बारीक तारा लावलेल्या होत्या, नऊच्या. मी दहाच्या लावल्या.”

नऊ आणि दहा हे इंचाच्या हजारांश भागांत मोजलेले पहिल्या तारेचे व्यास होत. ऐकावयास फरक क्षुल्लक. परंतु नऊचा संच पूर्ण सुरात लावला असता सहा तारांची मिळून ओढ सुमारे ३८ किलो भरते आणि दहाच्या संचाची सुमारे ४७ किलो, म्हणजे एका हजारांश इंचाच्या बदल्यात नऊ किलोंचा बोजा त्या घोडीच्या मानेवर वाढलेला होता. बाबूने हे आकडे सांगितले तेव्हा माझे कान टवकारले. कारण ४७ किलो ओढ ज्या वस्तूवर आहे आणि तरीही जी वस्तू कोठेही घट्ट ठोकलेली नाही, ती जागेवर राहते कशी, हा हिशेबाचा प्रश्न आहे, आणि हिशेब हा माझा प्रांत.

बाबूने गिटार उलटी केली, पाठीवरचे प्लॅस्टिकचे झाकण काढले, आणि आतला कारखाना दाखविला. घोडीची पट्टी पुढच्या कडेला सहा मळसूत्रांच्या मानांवर केवळ टेकलेली असते, सराफाच्या तराजूची दांडी जशी धारेवर तोललेली असते तशी. पट्टीखाली पोलादाचा एक जड ठोकळा लाकडाच्या पोकळीत लोंबतो, आणि त्या ठोकळ्याच्या तळाला अडकविलेल्या तीन स्प्रिंगा पोकळीच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे मानेकडच्या बाजूस, दोन लांब मळसूत्रांनी जखडलेल्या एका लोखंडी पंजाला धरून असतात. तारा वरून घोडीला पुढे ओढतात. स्प्रिंगा खालून ठोकळ्याला पुढे ओढतात, म्हणजेच पट्टीला मागे बसवितात. दोन्ही ओढी जेथे सारख्या परिणामाच्या होतात तेथे घोडी तरंगत राहते. तिला एक दांडी लावलेली असते. दांडी दाबली की तारा सैल पडून सूर उतरतो, उचलली की सूर चढतो, आणि सोडली की सर्व काही पूर्वस्थळी यावे अशी अपेक्षा असते.

“म्हणजे ही तेरीज आहे,” मी म्हणालो. “एका बाजूस तारा, दुसऱ्या बाजूस स्प्रिंगा. पण तीन स्प्रिंगांनी ४७ किलोंची बरोबरी कशी करावी?”

“तरफ, काका. तारा टेकूपासून जेमतेम एक सेंटिमीटर वर आहेत, स्प्रिंगा तीन-चार सेंटिमीटर खाली. लांब हातावर थोडी ओढ पुरते.”

मला त्या क्षणी या यंत्राविषयी आदर उत्पन्न झाला, आणि पुढे बाबूने जे सांगितले त्याने तो दुणावला. हे यंत्र ज्याने रचिले तो कॅलिफोर्नियातील लिओ फेंडर स्वतः गिटार वाजवीत नसे. त्याने शिक्षण घेतले होते हिशेबनिसीचे, काही काळ नोकरीही तीच केली, आणि नंतर १९३८च्या सुमारास फुलर्टन गावात रेडिओ दुरुस्तीचे दुकान काढले. १९५४ साली स्ट्रॅटोकास्टर बाजारात आली. त्याआधी त्याने घोडीची जी पहिली रचना केली होती तिच्यात नाद टिकेना म्हणून ती मोडीत काढून हा जड ठोकळा त्याने योजिला. कारण तारेचे कंपन धरून ठेवावयास काहीतरी वजनदार वस्तू लागते, हलका धातू ते पिऊन टाकतो. जमा आणि खर्च समोरासमोर उभे करून मधली बाकी शून्य ठेवावी ही कल्पना एखाद्या गवयास सुचली नसती. ती कारकुनालाच सुचावी, यात मला तरी आश्चर्य वाटले नाही.

मास्तरांस मात्र या कारकुनी पराक्रमाचे यत्किंचितही कौतुक नव्हते. त्यांचे म्हणणे साधे होते. “पाचर ठोक,” ते म्हणाले. “ठोकळ्याच्या दोन्ही बाजूंना लाकूड घाल आणि ही घोडी कायमची बांधून टाक. नाटक दहाला सुरू होते आणि उजाडल्यावर संपते. तिसऱ्या अंकात पहाटे तीनला तार तुटली तर काय होते ते मला माहीत आहे. गेल्या वर्षीच्या पोराची तुटली होती. एक तार तुटली की उरलेल्या पाचही चढतात. नटी रडते आहे, मूल मेले आहे, आणि गिटार भलत्याच पट्टीत शिरली आहे. प्रेक्षक हसले, बाबू. मूल मेल्यावर.”

यात खोटे काही नव्हते. तरंगत्या घोडीवर एका तारेची ओढ नाहीशी झाली की तेरीज बिघडते, स्प्रिंगा वरचढ होतात, घोडी मागे झुकते आणि बाकीच्या तारा ताणल्या जातात. तसेच एक तार बोटाने ओढून मींड घ्यावी तर तेवढ्या वाढीव ओढीने घोडी किंचित पुढे येते आणि सोबत वाजत असलेली दुसरी तार उतरते. बाबूने हे सर्व मान्य केले. इतकेच नव्हे, तर प्रतिपक्षाच्या हाती आपण होऊन एक दस्तऐवज दिला. एरिक क्लॅप्टन, ज्याच्या स्ट्रॅटोकास्टरची जगभर ख्याती आहे, तो आपल्या गिटारीत लाकडाची पाचर घालून घोडी बांधूनच ठेवतो.

“मग?” मास्तर म्हणाले. “तो शहाणा दिसतो.”

“आणि जेफ बेक आयुष्यभर तरंगती ठेवून वाजवीत राहिला. तोही शहाणा होता.”

“तो झाडीपट्टीत कधी आला होता का?”

यावर हशा झाला आणि चहा आला. परंतु बाबूने विषय सोडला नाही. आणि त्याने जे सांगितले त्यावरून मला कळले, की त्याचा आग्रह तरुणाच्या हौसेतून आलेला नसून त्याला एक वंशावळ आहे. त्याच्या आजोबांकडे हवाईयन गिटार होती. पन्नास-साठ वर्षांपूर्वी बंगाली मध्यमवर्गात या वाद्याचे मोठे प्रस्थ होते. सुनील गांगुली, बटुक नंदी, आणि कवी नझरूल इस्लाम यांचे चिरंजीव काझी अनिरुद्ध यांनी त्यावर वाजविलेल्या रवींद्रसंगीताच्या तबकड्या घरोघर होत्या. हे वाद्य मांडीवर आडवे ठेवून तारांवरून पोलादाची कांडी फिरवून वाजवितात. बोटे पडद्यांना शिवत नाहीत, म्हणून एका सुरातून दुसऱ्यात जाताना मधले सगळे अंतर ऐकू येते. त्याच गुणामुळे ब्रिजभूषण काब्रा यांना त्यावर हिंदुस्थानी राग वाजविता आले. आजोबांचे ते वाद्य छावण्यांतून छावण्यांत जाताना कोठेतरी राहिले, आणि बाबूने ते कधी पाहिले नाही. केवळ आजोबा ताटावर चमचा घासून ते कसे वाजे याची नक्कल करीत, ती त्याने ऐकली होती.

“पडद्यांच्या गिटारीत सूर जिन्यासारखे आहेत,” तो म्हणाला. “पायरी, पायरी, पायरी. ही दांडी आहे म्हणून मला उतार मिळतो. तुम्ही पाचर ठोकली की जिना राहिला.”

“जिन्यावरून माणूस पडत नाही.”

“मास्तर, रागावू नका, पण तुमची पेटी म्हणजे तर नुसता जिनाच. म्हणून तर आकाशवाणीने तिला बाहेर काढले होते.”

हा घाव वर्मी होता. १९४०च्या मार्चपासून आकाशवाणीवर पेटीला बंदी होती, आणि ती १९७१ सालापर्यंत पूर्णपणे चालू राहिली. कारण हेच, की पेटीला मींड येत नाही, श्रुती येत नाहीत, तिचे बारा सूर यंत्राने समान अंतरावर बसविलेले आहेत. ज्या वाद्याला त्याच्या स्थिरतेच्या अपराधासाठी तीस वर्षे हद्दपारी भोगावी लागली, त्याच वाद्याच्या उपासकाने स्थिरतेची कैफियत मांडावी हा योग विलक्षण होता. मला वाटले, मास्तर चिडतील. ते चिडले नाहीत. पेटीच्या भात्यावर तळहात ठेवून बराच वेळ गप्प राहिले, आणि मग असे काही बोलले की ते मी त्याच रात्री वहीत उतरवून घेतले.

“रेडिओने काढले, नाटकाने नाही काढले. का नाही काढले ते सांगतो. गाणारा नट रंगमंचावर धावत येतो, त्याला श्वास नसतो, दिव्यांनी त्याचे डोळे दिपलेले असतात, मागून कोणी चुकीचे वाक्य टाकलेले असते. त्याला ‘सा’ कोठे आहे ते कळत नाही. तो खाली पाहतो. मी ‘सा’ धरून बसलेला असतो. तो उतरतो, चढतो, मींड घेतो, सगळे करतो. मी नाही करत. सगळ्यांनीच हलायचे म्हटले तर तो कोणाच्या खांद्यावर हात ठेवील? साथ ही चाकरी आहे, बाबू. चाकराने ठरल्या जागी सापडले पाहिजे.”

बाबू काही म्हणाला नाही, म्हणून मास्तर आणखी बोलले, आणि बोलले ते विचार न करता. “आणि माझा अनुभव असा, की जे एकदा जागेवरून हलले ते पुन्हा नेमके त्याच जागी कधी येत नाही.”

पडवीत शांतता पसरली. आपण कोणाच्या नातवासमोर हे बोललो हे मास्तरांच्या ध्यानात आले, आणि त्यांनी उगाचच पेटीची एक खटकी ओढून पुन्हा लावली.

“आजोबा नाही आले परत,” बाबू सहज आवाजात म्हणाला. “पण तारा येतात. गिटारीचा नट साफ असला तर. दाखवतो, चला.”

यानंतरचा सारा प्रहर वादाचा नसून कामाचा होता, आणि मला तोच अधिक प्रिय आहे.

प्रथम मळसूत्रे. तारा सैल केल्याखेरीज पुढच्या सहा मळसूत्रांना हात लावावयाचा नाही, कारण ओढ असताना ती फिरविली तर पट्टीची धार खरवडून निघते आणि मग घोडी कधीच एका जागी परतत नाही. बाबूने कडेची दोन तेवढी टेकती ठेवून मधली चार अर्धा-अर्धा वेढा वर घेतली, जेणेकरून त्यांनी पट्टी नुसती मार्गावर ठेवावी, अडवू नये. पंजाची दोन लांब मळसूत्रे जुन्या लाकडात करकरत होती. ती बाहेर काढून मी त्यांना मेण लावले, आणि पंजाला झाळलेली काळी तार, जी तारांतील गुणगुण जमिनीकडे नेते, ती तुटू नये म्हणून बोटाने बाजूला धरून बसलो. या कामगिरीबद्दल मला नंतर कोणी धन्यवाद दिले नाहीत.

मग उंचीचे माप. पट्टीच्या मागच्या कडेखाली किती अंतर असावे? फेंडरच्या कारखान्याचा दंडक एक-अष्टमांश इंचाचा, म्हणजे सुमारे तीन मिलिमीटर. बाबूने खिशातून एक रुपयाची दोन नाणी काढून एकावर एक ठेवून कडेखाली सरकविली. हल्लीच्या पोलादी रुपयाची जाडी जवळजवळ दीड मिलिमीटर असते. आता पंजा आवळीत जावयाचे, घोडी खाली येईल. परंतु घोडी खाली आली की तारा ताणल्या जाऊन सूर चढेल. तो खुंट्यांनी उतरविला की ओढ कमी होऊन घोडी आणखी खाली बसेल. आणि एक तार सुरात आणली की पाच तारांची लावणी किंचित बिघडेल. वसुलीचे काम केलेल्या माणसास हा अनुभव नवा नाही. एका गावाची बाकी मिटवावी तर शेजारच्या पाच गावांचे अर्ज येतात.

सूर दाखविण्याचे यंत्र बाबूजवळ होते. मास्तरांनी ते बाजूस सारून पेटी पुढे ओढली. “माझ्याबरोबर वाजवायचे तर माझ्याकडून सूर घे,” ते म्हणाले, आणि गिटारीच्या सहा तारांचे सहा सूर ते एकामागून एक धरीत गेले. अर्धा वेढा, सहा सूर. पुन्हा अर्धा वेढा, पुन्हा सहा सूर. माझ्या टिपणाप्रमाणे सातव्या फेरीअखेर सहाही तारा पेटीशी मिळाल्या आणि त्याच वेळी नाणी कडेखालून नखाने ओढताच, जरासे धरून, बाहेर आली. पट्टी शरीराशी समांतर होती.

बाकीची कामे लवकर उरकली. सतराव्या पडद्यावर तारेची उंची दीड मिलिमीटरच्या किंचित वर. बाराव्या पडद्यावर दाबलेला सूर आणि तेथेच नुसते बोट टेकवून काढलेला तरल सूर हे एक यावेत, दाबलेला चढा निघाला तर त्या तारेची लहान खोगिरी मागे सरकवावी. ही कामे घोडी तरंगावयास लागल्यानंतरच करावीत, कारण ती कलली की खोगिऱ्यांचीही जागा बदलते. घोडी म्हटल्यावर खोगीर आलेच, हा शब्द माझा. बाबू त्याला सॅडल म्हणतो.

खरी परीक्षा पुढे होती. बाबूने दांडी तारा लोंबेपर्यंत दाबली आणि सोडली. मास्तरांनी डोळे मिटून पेटीवर एकेक सूर धरला. पाच तारा जुळल्या. तिसरी चढी होती, अगदी केसभर, परंतु मास्तरांच्या कानातून केस निसटत नाही.

“नाही आली जागेवर,” ते म्हणाले, आणि त्यांच्या स्वरात विजय होता हे मी नाकारणार नाही.

“नटमध्ये अडकली,” बाबू म्हणाला, आणि त्याने जे कारण सांगितले ते मला इतके सुबोध वाटले की येथे देतो. मानेच्या टोकास हाडाचा किंवा प्लॅस्टिकचा खाचा पाडलेला जो तुकडा असतो तो नट. दांडी दाबली की तारेचा मुख्य भाग सैल पडतो, पण नटाच्या पलीकडे खुंटीजवळचा आखूड भाग ताठच असतो. तो तार आपल्याकडे थोडी खेचून घेतो. दांडी सुटली की ती खेचलेली तार परत यावयास हवी. खाच खरबरीत असेल तर ती पलीकडेच अडकते, आणि इकडे तार तोकडी पडून सूर चढा राहतो. दांडी वर उचलून सोडली तर नेमके उलट, सूर उतरलेला राहतो. म्हणजे चढा की उतरलेला यावरून अपराधी कोण ते कळते. बाबूने खाचेतून दोरा ओढून ती साफ केली, पेन्सिलीचे टोक तिच्यात घासून काळी भुकटी भरली, खुंटीवरचे जादा वेढे कमी केले. पुन्हा दांडी दाबली, पुन्हा सोडली. मास्तरांनी सूर धरला. आणि बराच वेळ धरून ठेवला.

“आली,” ते म्हणाले.

येथे एक विषयांतर करतो, कारण ते मला आवरत नाही. या यंत्रास जगभर ट्रेमोलो म्हणतात. संगीताच्या परिभाषेत ट्रेमोलो म्हणजे आवाजाच्या जोराचे कंपन. सुराच्या उंचीचे कंपन ते व्हायब्रॅटो. ही दांडी सूर हलविते, जोर नाही. म्हणजे नाव साफ चुकीचे. परंतु फेंडरने १९५४ साली पेटंटासाठी अर्ज केला तो ट्रेमोलोच्या नावाने, १९५६च्या एप्रिलमध्ये सनद मिळाली ती त्याच नावाने, आणि पुढे त्याच्याच कारखान्याने ध्वनिवर्धकातील जोराच्या कंपनाला व्हायब्रॅटो हे नाव देऊन उलटापालट पुरी केली. सातबाऱ्यावर एकदा चुकीचे नाव चढले की दोन पिढ्या तलाठ्याच्या दारी खेटे घालूनही ते उतरत नाही हे ज्यांस ठाऊक आहे, त्यांस याचे नवल वाटणार नाही. मला एवढेच समाधान, की चूक अमेरिकेतही दप्तरात शिरली की कायम होते.

ऊन उतरल्यावर बाबूने आपला शेवटचा मुद्दा काढला, आणि तो त्याने राखून ठेवला होता असे मला वाटते. “मास्तर, पहाटेची थंडी. तुमच्या मंडळीतला पूर्वीचा गिटारवाला कुरकुरत असे ना, की पहाटे गिटार चढते?”

“चढतेच. लोखंड आकसते.”

“घट्ट घोडीवर तार आकसली की सगळा ताण तिच्यातच राहतो. तरंगत्या घोडीवर सहाही तारा सारख्या आकसल्या तर घोडी थोडी पुढे झुकते आणि ताण काही अंशी सोडून देते. पुरता नाही सोडत. पण थोडा तरी वाटून घेते.”

मास्तर विचारात पडले. मीही हिशेब करून पाहिला, आणि तत्त्वतः त्यात चूक सापडली नाही. दिव्यांच्या उष्णतेने तारा सैलावल्या तर तीच गोष्ट उलट दिशेने घडेल. तुटलेल्या तारेने जी घोडी सर्वांस दगा देते तीच घोडी सर्वांवर आलेली थंडी वाटून घेते. मास्तरांनी यावर होकारही दिला नाही आणि नकारही दिला नाही, फक्त म्हणाले, “वाजव.”

बाबूने भटियाली वाजविली. नावाड्यांचे गाणे, जे त्याच्या आजोबांच्या मुलखातल्या रुंद नद्यांवर गातात. वरच्या तारांवर दांडी हलके उचलून तो सूर ओढी. बरोबर बसविलेल्या घोडीवर दांडी पुरती वर घेतली तर तिसरी तार दीड स्वर चढते, दुसरी एक, पहिली अर्धा, आणि हे चढणे कोणत्याही पडद्यावर थांबत नाही. मास्तरांची बोटे पेटीवर दोनदा मागे गेली आणि दोनदा अडली, कारण तो जेथे होता तेथे पेटीत पट्टीच नव्हती. काळी आणि पांढरी यांच्या मधल्या फटीत ते गाणे चालले होते. मग त्यांनी शोध सोडला, ‘सा’ आणि ‘प’ दाबून धरले आणि नुसता भाता हलवीत राहिले. गाणे संपले तरी भाता काही वेळ चालूच होता.

“दोन पाचरी लागतात ना?” बऱ्याच वेळाने त्यांनी विचारले.

“पूर्ण बांधायची तर दोन. शेपटाकडची पाचर घोडीला पुढे येऊ देत नाही, म्हणजे सूर उतरवता येत नाही. मानेकडची मागे जाऊ देत नाही, म्हणजे चढवता येत नाही.”

“आणि तार तुटली की घोडी जाते कोठे?”

“मागे.”

“म्हणजे मानेकडची एकच घातली, आणि पंजा थोडा जास्त आवळला, तर तार तुटली तरी बाकीच्या हलणार नाहीत. आणि दांडी खाली दाबता येईल.”

“खाली येईल, मास्तर. वर नाही जाणार.” बाबूचा हात अजून दांडीवर होता. “आत्ता वाजवले ते वर होते.”

मास्तर माझ्याकडे वळले. “तुमच्याकडे सागाचा तुकडा असेल.”

सागाचा तुकडा माझ्याकडे नसेल तर कोणाकडे असावा? आलापल्लीच्या जंगलातील सागाची एक जुनी फळी माझ्या माळ्यावर वीस वर्षे पडून आहे, वाळून हाडासारखी झालेली. मी पट्टी घेऊन ठोकळा आणि मानेकडची भिंत यांमधले अंतर मोजले. अकरा मिलिमीटर भरले. पण लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने पावसाळ्यात फुगते आणि हिवाळ्यात आकसते, रेषांच्या लांबीकडे मात्र जवळजवळ हलत नाही. म्हणून अकरा मिलिमीटर हे माप रेषांच्या दिशेने घ्यावयाचे, नाहीतर माघात पाचर सैल होऊन पोकळीत खडखडावयाची. हे मी दोघांस सांगितले. मास्तरांनी मान डोलावली. बाबूने काहीच म्हटले नाही. तो कापडाने तारा पुसत होता, एकेक, मानेपासून घोडीपर्यंत. मी कंदील घेऊन माळ्यावर करवत शोधावयास गेलो.